शेवटच्या कडव्यातलं नाव

आईने ऑडिशनला जायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त मी चिडले. टीव्हीवरचे गाण्याचे कार्यक्रम मला मुळातच सहन होत नाहीत. कुणी गायलं की परीक्षक रडतात, मग गाणारा रडतो, मग त्याचे आईबाप रडतात, आणि ऐन रडण्यात साबणाची जाहिरात लागते. त्यात हा नवा कार्यक्रम खास हौशी लोकांसाठी होता. शेतात राबणारे, कंपनीत जाणारे, धुणीभांडी करणारे, ज्यांनी कधी स्टेज पाहिलं नाही अशांसाठी म्हणे. आमची आई आयुष्यभर स्टेजवरच होती, पण मागच्या रांगेत, त्यामुळे तिलाही हौशीत धरायला हरकत नव्हती.

माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, भीमगीतांच्या गायन पार्टीचे मुख्य गायक होते. पार्टी आमच्या वडगाव रासाईचीच. पेटी आण्णा स्वतः वाजवायचे, ढोलकीला निमोण्याचे एक मामा असायचे आणि मागे कोरसला आई आणि तिच्या दोघी जावा. हे मामा आमचे नात्याने कुणी नव्हेत, पण माझ्या आठवणीत आमच्या घरी जेवले नाहीत असा आठवडा गेला नसेल. एरवी आण्णा ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. सकाळी व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी द्यायचं आणि एप्रिल उजाडला की पांढरा शर्ट, निळा मफलर घालून गावोगाव जयंतीच्या कार्यक्रमांना जायचं. शिरूर तालुका तर त्यांचा पालथा घातलेला होताच, नदीपलीकडे दौंडच्या रेल्वे क्वार्टरांतही त्यांना मान होता.

गाणी सगळी त्यांची स्वतःची. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं माझ्यावर आहे. मी पहिलीत गेले त्या वर्षी गुरुजींनी मला पहिल्या बाकावर बसवलं. आण्णांच्या आज्याला शाळेच्या ओट्यावरसुद्धा चढू दिलं नव्हतं, त्यामुळे हे ऐकून आण्णांना राहवलं नाही. पाणी सोडता सोडता त्यांनी गाणं केलं:

पहिल्या बाकावर बसली गं,
माझी लेक शिकाया बसली!

खरं कारण मी कधी त्यांना सांगितलं नाही. मला फळा दिसत नव्हता, म्हणून गुरुजींनी पुढे घेतलं होतं. चष्मा पुढे चौथीत लागला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या गाण्यांत करणाऱ्याचं नाव गाण्याच्या आतच असतं, शेवटच्या कडव्यात. गावाचं नाव, मग कवीचं नाव. कागद नाही, पुस्तक नाही, गाणं तोंडातोंडी फिरतं, म्हणून नाव त्याच्या पोटातच ठेवून द्यायचं. आण्णांचा नियम असा की आधीची सगळी कडवी म्हटल्याशिवाय नावाला हात लावायचा नाही. एकदा दौंडला वेळ संपली म्हणून आयोजकांनी घाई केली, तेव्हा आण्णा तिसऱ्या कडव्यावर थांबले आणि नाव न घेता खाली उतरले. मामांनी विचारलं, थेट शेवटचं का नाही म्हटलं? आण्णा म्हणाले, "जेवान वाढायच्या आधी दक्षिणा मागाय मी भट हाय का?"

तर अशा माणसाचा घसा गेला. तंबाखू कारण म्हणावी तर मामा त्यांच्या दुप्पट खातात आणि अजून ठणठणीत आहेत. ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला एक भोक राहिलं, त्यातून श्वास, आणि त्यावर आईने शिवलेला मलमलीचा पांढरा तुकडा. आवाज म्हणून काही उरला नाही. लिहिता येत होतं, पण लिहायला बसले की मनातलं निम्मं होईतो चिडायचे आणि पेन फेकायचे, म्हणून मग खुणाच. पाणी हवं, पंखा बंद कर, ती गाय हाकल. आणि तळहात छातीवर ठेवला की त्याचा अर्थ मी, माझं.

मी शिरूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. आजार परत आल्याचा रिपोर्ट घरात पहिल्यांदा मी वाचला. डॉक्टरांनी पुढचं काही करण्यात अर्थ नाही असं सांगितलं तेव्हा आई बाहेर बाकावर बसली होती. मी येऊन सांगितलं. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "मंग गानं आधी करू." मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलतेय. पण तिचं ठरलेलं होतं. कार्यक्रमाची जाहिरात तिने पाहिली होती आणि भांडगावजवळ हायवेच्या मंगल कार्यालयात ऑडिशन आहे हेही तिला माहीत होतं.

"टीव्हीवर त्यांचं पहिल्या बाकाचं गानं, त्यांच्या नावासकट," ती म्हणाली. "त्यांनी डोळ्यानं बघायचं. मंग जाऊ द्या जायचं तिकडं."

यावर चिडायला काही जागा नव्हती, तरी मी चिडलेच. कारण मला दिसत होतं की हे होणार नाही, आणि झालं नाही तर आण्णांना ते कळणार.

सरावात एक गंमत निघाली. आईला सगळी गाणी पाठ, पण कोरसची. आण्णा अर्धी ओळ टाकायचे आणि उरलेली या बायका उचलायच्या. इतकी वर्षं तसंच. आता सुरुवात तिने करायची तर ती तोंड उघडून थांबायची आणि आण्णांकडे बघायची. आण्णा खाटेवरून हात झटकायचे, गा! मग ती हसायची आणि हसता हसता तिचे डोळे भरायचे. ते चमच्याने स्टीलच्या पेल्यावर ठेका धरायचे आणि चूक झाली की चमचा खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटायचे. आवाज गेला तरी माणूस तसाच तापट होता, याचं मला बरं वाटायचं.

मग मी नियम वाचले आणि घोळ झाला. गायला फक्त एक मिनिट. मुखडा आणि एक कडवं, संपलं. नाव चौथ्या कडव्यात.

"मुखडा म्हन आन् लगीच शेवटचं घे," मी आईला म्हटलं. "मधलं कुनाला कळतंय?"

आण्णांनी चमचा इतका जोरात आपटला की शेजारची कोंबडी ओरडली. तर्जनी हलवून नाही, नाही. मग एक बोट, दोन, तीन, आणि शेवटी चौथं बोट वर करून तळहात छातीवर. मरायला टेकलेल्या माणसाशी किती भांडणार? मुखडा आणि पहिलं कडवंच गायचं ठरलं. निवड झाली की पुढच्या फेरीत पूर्ण गाणं म्हणायला मिळतं, तिथे नाव येईल. आई पुढच्या फेरीचं असं बोलत होती की जणू ती दारात उभी आहे.

ऑडिशनच्या दिवशी आण्णांपाशी मामांना बसवून आम्ही दोघी निघालो. नदी ओलांडून चौफुला, तिथून भांडगाव. कार्यालयाच्या आवारात ही गर्दी. कंपनीतली पोरं कानात वायर घालून सिनेमाची गाणी घोकत होती, शहरातल्या मुली आपल्या क्लासच्या बाईंना सोबत घेऊन आल्या होत्या, एक म्हातारा टाळ घेऊन आला होता आणि त्याला टाळ बाहेर ठेवायला सांगत होते. सगळ्यांच्या छातीला नंबर. लग्नाच्या हॉलमध्येच परीक्षक बसले होते आणि वरच्या कमानीवर आदल्या दिवशीच्या नवराबायकोची थर्माकोलची अक्षरं तशीच होती.

रांगेत कानाला माईक लावलेली एक मुलगी आली. गोड बोलणारी, वयाने माझ्याहून लहान.

"मावशी, तुमची स्टोरी काय?"

आई म्हणाली, "स्टोरी न्हाई बाई, गानं हाय."

मुलगी माझ्याकडे वळली. मी नको ते बोलून गेले. गाणं वडिलांचं आहे, ते स्वतः गायचे, आता त्यांचा आवाज गेलाय, एवढंच सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे गळ्याला होल आहे का? त्यांचा एखादा व्हिडिओ आहे? नसला तर आम्ही घरी येऊन शूट करू शकतो, सिलेक्ट झाल्या तर." माझ्या तोंडात आलेली शिवी आईने माझा हात दाबला म्हणून आत राहिली. आई शांतपणे म्हणाली, "या की. त्यांना लई आवडंल." आणि मला कळलं की नाव लागणार असेल तर गळ्यातलं भोकही दाखवायची तिची तयारी आहे.

दुपार कलल्यावर नंबर आला. एका नातेवाइकाला दारापाशी उभं राहू देत होते, मी तिथे उभी राहिले. समोर तीन परीक्षक होते, दोन पुरुष, एक बाई. बाजूला लॅपटॉप घेतलेला मुलगा.

आईने डोळे मिटले. मला वाटलं, आता थांबते ही, अर्ध्या ओळीची वाट बघत. पण नाही. तिने मुखडा असा उचलला की बाहेरच्या रांगेतले लोक आत डोकावले. कोरसचा आवाज म्हणजे दुसऱ्याच्या आवाजाखाली दबून राहायची सवय झालेला आवाज. तो पहिल्यांदाच मोकळा सुटला होता. पहिलं कडवं तिने नीट, न चुकता, जागच्या जागी ठेवलं आणि थांबली. मी तिला इतकी वर्षं ऐकलं होतं आणि मला ती अशी गाते हे माहीत नव्हतं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. होईल, होणार हे, असं मला वाटायला लागलं.

परीक्षक बाई हसून म्हणाल्या, "वा! आणि गाणं पण किती फेमस निवडलंत."

आई गोंधळली. "फेमस?"

"हो, माझा ड्रायव्हर गाडीत रोज लावतो हे," शेजारचे परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी एका गायकाचं नाव घेतलं. आम्ही ते कधी ऐकलं नव्हतं. "त्याचंच ना?"

"न्हाई सायेब. ह्ये आमच्या मालकांचं हाय. त्यांनी केल्यालं. ह्या माझ्या पोरीवर."

परीक्षक मान हलवत हसले. वाईट हसले असं नाही, रोज असं ऐकायची सवय असलेला माणूस हसतो तसे. मग आईने परवानगी न मागता गायला सुरुवात केली. दुसरं नाही, तिसरं नाही, थेट शेवटचं कडवं. गाव, मग नाव. आण्णांचा नियम तिने तीन परक्या माणसांसमोर मोडला, आणि नावावर तिचा तळहात आपोआप छातीवर गेला.

लॅपटॉपवाल्या मुलाने तोवर शोधून काढलं होतं. त्याने स्पीकरला जोडलं आणि हॉलभर आमचं गाणं वाजलं. स्टुडिओतलं, चकचकीत, मागे बेंजो. मुलाने ते पुढे सरकवत शेवटच्या कडव्यावर आणलं. चाल तीच, शब्द तेच. गाव दुसरं होतं, आणि आण्णांच्या नावाच्या जागी त्या गायकाचं नाव बसवलं होतं. मात्रासुद्धा बरोबर जुळत होत्या.

"मावशी," बाई समजुतीने म्हणाल्या, "घरच्यांचं नाव घालावंसं वाटतं, मी समजू शकते. पण ओरिजिनलमध्ये असा बदल करणं बरोबर नाही ना. आम्हाला ते चालत नाही."

मी दारातून ओरडले. काय ओरडले ते मला सलग आठवत नाही. चोर हा शब्द त्यात होता. माईकवाल्या मुलीने माझा दंड धरला. पुरावा आहे का, असं एका परीक्षकाने खरंच विचारलं, आणि माझ्याकडे काय होतं? मामांची ढोलकी, दोघी चुलत्या, आणि त्या बाकावर बसलेली मी स्वतः. मग ते म्हणाले, आवाज चांगला आहे, दुसरं एखादं म्हणा, एखादं सिनेमातलं. आईने हात जोडले आणि ती स्टेजवरून खाली उतरली.

परतीच्या जीपमध्ये मी त्या गाण्याखालचे शेरे वाचत बसले. हजारो लोकांनी जय भीम लिहिलं होतं, निळी हृदयं काढली होती. त्यांची काय चूक? मीही लिहिलं, हे गाणं माझ्या वडिलांचं आहे. ते बघता बघता खाली सरकून गेलं. पुढच्या आठवड्यात नंबर मिळवून मी त्या गायकाला फोनही केला. तो अदबीने बोलला. म्हणाला, "ताई, मी तर एका जयंतीत ऐकलं होतं. लोकगीत आहे ना ते?"

पण त्या दिवशी प्रश्न घरी काय सांगायचं हा होता. चौफुल्यावर उतरल्यावर मी आईला विचारलं. ती म्हणाली, "खोटं न्हाई बोलायचं. पन सगळं बी न्हाई."

आण्णा दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. मामांनी त्यांना मफलरसुद्धा बांधला होता. आम्ही आत आलो तसा त्यांनी तळहात छातीवर ठेवला आणि भुवया उडवल्या. माझं?

"घेतलं," आई म्हणाली. "तुमचं नाव घेतलं म्या. तिघांम्होरं घेतलं." आणि नजर न वळवता पुढे म्हणाली, "निवड न्हाई झाली. पन अहो, त्यांना गानं आधीच ठावं व्हतं. गाडीत लावत्यात म्हनं."

आण्णांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. गळ्यावरचा मलमलीचा तुकडा हसण्याने उडत होता आणि ते बघून मामांना रडू फुटलं. त्यांना असं वाटलं की आपलं गाणं आपल्याआधी चालत पुढे गेलं, नावासकट, आपल्या नकळत. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतर पाहिला नव्हता, आणि मला तो बघवत नव्हता.

मग त्यांनी माझ्या मोबाईलकडे बोट दाखवलं. लाव.

साहजिकच होतं. गाडीत वाजतं म्हणजे मोबाईलवर असणार. ते ऐकायला मागतील हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी लावलं. परक्या माणसाचा तयार आवाज, बेंजो, कोरस. आण्णा मांडीवर ठेका धरून ऐकत होते. एके ठिकाणी त्याने जागा चुकवली तेव्हा नाक मुरडलं, पुढे एके ठिकाणी मान डोलावली. दुसऱ्याने आपलं गाणं म्हणावं यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही, गाणं गाण्यासाठीच असतं. तिसरं कडवं संपलं आणि मी अंगठ्याने बंद केलं.

तळहात छातीवर. माझं?

"एवढंच ठेवलंय त्यांनी," मी म्हटलं. "शेवटचं कडवं हल्ली कुनी ठेवत न्हाई. येळ कमी असतो."

त्यांनी हात उडवला. उतावळे लेकाचे, असा. पण त्यांना ते पटलं, आमचं एक मिनिट त्यांनी पाहिलंच होतं.

पुढे ते रोजचं झालं. मी शिरूरहून आले, हातपाय धुतले की खूण. मी लावायची, तिसऱ्या कडव्यानंतर बंद करायची. मोबाईल दुसऱ्या कुणाच्या हातात मी देत नव्हते. मामांना सांगून ठेवलं, विहारातल्या पोरांना तंबी दिली. आण्णा वाळत चालले होते. आधी ठेका मांडीवर असायचा, मग नुसता बोटांनी, मग एकाच बोटाने. शेवटी शेवटी ते डोळे मिटूनच ऐकायचे.

एक दिवस असंच गाणं चालू होतं. चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून आईने हाक मारली आणि मी तिकडे वळून बघितलं. तिसरं कडवं संपल्याचं मला कळलंच नाही. बेंजो वाजून गेला, चौथ्याची पहिली ओळ सुरू झाली. मी दचकून मोबाईलकडे झेपावले.

तिथे आण्णांचा हात आधीच पोचला होता. त्यांनी डोळे न उघडता, चाचपडत, बोटाने स्क्रीन दाबली आणि गाणं बंद केलं. गावाच्या आधी, नावाच्या आधी. मी रोज बंद करायची, अगदी तसंच.

त्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं, कधी ऐकलं, किती दिवस ते माझ्यासमोर डोळे मिटून बसत होते, हे मला आजही ठाऊक नाही. मामा नाही म्हणतात. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आई भांडं घेऊन दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं आणि आत गेली.

त्यानंतर ते गाणं लाव म्हणून त्यांनी मला कधी खूण केली नाही. मीही लावलं नाही, आणि मग ते गेलेच.